अडसरामागचा मोकळा माणूस

जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा रात्री लावून घेतला, की भिंतीतल्या खोबणीतून एक जाडजूड लाकूड आडवं ओढत. तो अडसर. इटालियन भाषेत दाराच्या अशाच कडी-अडसराला ‘कातेनाच्चो’ म्हणतात, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या फुटबॉलची जी रीत जगभर गाजली तिला हेच नाव पडलं. रीत गरिबाघरची होती. नेरेओ रोक्को नावाच्या प्रशिक्षकाने ती त्रिएस्ते शहराच्या साध्यासुध्या संघात रुजवली आणि 1947-48च्या मोसमात त्या संघाला थेट दुसऱ्या क्रमांकावर नेऊन ठेवलं. पुढे एलेनिओ हेरेरांच्या इंटर मिलानने याच अडसराच्या जोरावर 1964 आणि 1965 असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले.

रीत समजायला सोपी आहे. समोरच्या संघाच्या प्रत्येक आक्रमकाला एकेक बचावपटू नेमून द्यायचा. त्याने त्या माणसाला सावलीसारखं चिकटायचं, तो पाणी प्यायला गेला तरी पाठ सोडायची नाही. आणि या सगळ्यांच्या मागे, आपल्या गोलरक्षकाच्या पुढ्यात, एक जण असा ठेवायचा की ज्याला कोणीच नेमून दिलेलं नाही. पुढचा कोणी चुकला, घसरला, फसला, तर ते निस्तरायचं एवढंच त्याचं काम. जान्नी ब्रेरा या क्रीडापत्रकाराने या माणसाला ‘लिबेरो’ हे नाव दिलं. लिबेरो म्हणजे मोकळा. नऊ-दहा जण बांधलेले आणि एक मोकळा, अशी ती मांडणी.

फ्रांको बारेसी हा या मोकळ्या माणसांच्या परंपरेतला. माझ्या मते त्यातला सर्वांत थोर, आणि एका अर्थाने शेवटचा. कारण त्या मोकळेपणावर पाणी सोडून बचावाची नवी रीत ज्याने उभी केली, तोही बारेसीच.

त्याचा जन्म 8 मे 1960चा, उत्तर इटलीत ब्रेशियाजवळच्या त्रावाल्यातो गावातला. घर शेतावरचं. फ्रांको तेरा-चौदा वर्षांचा असताना आई गेली. काही वर्षांत वडीलही अपघातात गेले. मोठा भाऊ ज्युसेप्पे तोवर मिलान शहरातल्या इंटर क्लबात दाखल झाला होता. धाकट्यानेही तिथेच चाचणी दिली; पण पोरगा फारच किरकोळ अंगाचा म्हणून इंटरने त्याला परत पाठवलं. त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबाने, एसी मिलानने, त्याला ठेवून घेतलं. ड्रेसिंगरूममध्ये त्याचं नाव पडलं ‘पिशिनिन’. मिलानच्या बोलीत याचा अर्थ चिमुकला. पूर्ण वाढ झाल्यावरही तो पावणेसहा फुटांच्या आसपासच थांबला. मध्यबचावात उभ्या राहणाऱ्या माणसाला ही उंची तोकडीच. उंच उडणाऱ्या चेंडूवर आपण मागे पडणार हे त्याला लहानपणीच कळलं असावं. म्हणून तो चेंडू कुठे पडणार हे इतरांच्या आधी ओळखायला शिकला. 

23 एप्रिल 1978 रोजी वेरोनात तो मिलानकडून पहिला सामना खेळला. अठरावं अजून पुरं व्हायचं होतं. पुढच्याच मोसमात स्वीडिश प्रशिक्षक नील्स लिडहोल्म यांनी त्याला लिबेरोच्या जागी कायम केलं आणि मिलानने दहावं विजेतेपद पटकावलं. इटलीत दहा विजेतेपदांनंतर जर्सीवर सोनेरी तारा लावायचा मान मिळतो. तो तारा आला आणि त्याच वर्षी जान्नी रिवेरा हा क्लबाचा लाडका कलावंत निवृत्त झाला. एकोणीस वर्षांच्या मुलाला वाटलं असेल, आता सगळं सुरळीत चालणार.

पुढच्याच वर्षी क्लबावर आकाश कोसळलं. रोममधला एक फळांचा व्यापारी आणि एक खानावळवाला यांनी काही खेळाडूंना हाताशी धरून सामन्यांवर बेकायदा सट्टा चालवला होता. पैसे बुडाले तेव्हा त्यांनीच तक्रार केली. 23 मार्च 1980च्या रविवारी सामने संपता संपता पोलिसांच्या गाड्या स्टेडियमात शिरल्या आणि खेळाडूंना मैदानावरून उचलून नेलं. हे प्रकरण इटलीत ‘तोतोनेरो’ म्हणून ओळखलं जातं. मिलानचा अध्यक्ष आणि गोलरक्षक दोघेही दोषी ठरले आणि क्लबाला शिक्षा म्हणून दुसऱ्या श्रेणीत ढकललं. मिलानच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडत होतं. एका वर्षात संघ वर आला. पण 1982 साली पुन्हा खाली गेला, आणि या वेळी कोणाच्या पापामुळे नाही, तर निव्वळ हरून. शेवटच्या दिवशी चेसेनाच्या मैदानावर मिलानने 3-2 असा विजय मिळवला होता; तिकडे नेपल्समध्ये जेनोआने शेवटच्या काही मिनिटांत बरोबरी साधली आणि मिलान बुडालं. त्या मोसमात बारेसी स्वतः रक्तातल्या संसर्गाने चार महिने अंथरुणाला खिळून होता.

इथे थोडं थांबायला हवं. 1982चा जून-जुलै म्हणजे इटलीने स्पेनमध्ये विश्वचषक जिंकला तो काळ. बारेसी त्या बावीस जणांत होता, पण एक मिनिटही खेळला नाही. लिबेरोच्या जागी युव्हेंटसचा गाएतानो शिरेआ होता, आणि शिरेआसारखा सभ्य, देखणा बचावपटू पुन्हा झाला नाही असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. बारेसी बावीस वर्षांचा जगज्जेता म्हणून घरी आला आणि दुसऱ्या श्रेणीच्या संघाचा कर्णधार झाला. त्याला न्यायला मोठे क्लब तयार होते. तो गेला नाही. आईवडील गेल्यावर ज्या क्लबाने घर दिलं, त्याची पडझड चालू असताना तिथून निघायचं नाही, एवढा साधा हिशोब त्याने केला असावा. धो-धो पावसात अर्ध्या रिकाम्या स्टेडियमांत लहान गावांच्या संघांशी तो खेळत राहिला. नंतरच्या वीस वर्षांत त्याच्या क्लबाने जे काही मिळवलं, त्याचा पाया या वर्षांत आहे.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक एन्झो बेआर्झोत यांचा जीव शिरेआत अडकलेला. बारेसीने मधल्या फळीत खेळावं असं त्यांना वाटे, आणि बारेसीला ते रुचत नसे. 1986च्या मेक्सिको विश्वचषकाच्या यादीत बारेसी हे आडनाव होतं. पण ते इंटरच्या ज्युसेप्पेचं. 

त्याच 1986 साली सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभा असलेला मिलान क्लब विकत घेतला आणि 1987च्या उन्हाळ्यात पार्माहून एक प्रशिक्षक आणला. नाव आरिगो साक्की. स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल न खेळलेला, वडिलांच्या बुटांच्या कारखान्यासाठी फिरलेला माणूस. साक्कींना कातेनाच्चो मान्यच नव्हता. कोणी कोणाच्या मागे लागायचं नाही. प्रत्येकाने जागा राखायची. बचावाची, मधली आणि आघाडीची अशा तिन्ही फळ्या पंचवीसेक मीटरच्या पट्ट्यात एकत्र पुढे सरकतील आणि एकत्रच मागे येतील. चेंडू, सोबती आणि जागा यांवर नजर ठेवून प्रत्येकाने पाऊल टाकायचं. आपल्याकडच्या कबड्डीतली साखळी ज्याने जवळून पाहिली आहे त्याला हे चटकन समजेल. चढाई करणारा आत आला, की साखळीतल्या दोघांनी एकाच श्वासात हलायचं असतं. एक अर्धा क्षण आधी सुटला तर दोघेही गेले.

आता या रचनेत मोकळ्या माणसाला जागाच नव्हती. चौघांची सरळ रेषा, तिच्यामागे फक्त गोलरक्षक. सत्ताविसाव्या वर्षी, राष्ट्रीय संघातही जम बसत असताना, बारेसीला त्याचं आजवरचं काम सोडून द्यायला सांगितलं गेलं. त्यावर कडी म्हणजे साक्कींनी त्याला पार्माच्या जान्लुका सिन्योरीनी या बचावपटूच्या व्हिडिओ टेप पाहायला दिल्या. रेषा कशी चालवायची ते याच्याकडून शीक म्हणून. सिन्योरीनीला पार्माबाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं, आणि बारेसी जगज्जेता. मानी माणसाने टेप भिंतीवर फेकली असती. बारेसीने त्या पाहिल्या. मला त्याच्या सगळ्या चषकांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

मिलानेल्लोच्या सराव मैदानावर साक्की एक प्रयोग लावत. एका बाजूला गोलरक्षक जोवान्नी गाल्ली आणि बचावातले चौघे : तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, माल्दीनी. दुसऱ्या बाजूला दहा जण, त्यांत रुड गुलिट आणि मार्को व्हान बास्टेनसारखे. दहांनी पंधरा मिनिटांत गोल करून दाखवायचा. अट एकच, चेंडू गेला तर पुन्हा आपल्या अर्ध्यातून सुरुवात करायची. साक्की सांगत आले आहेत, की त्या दहांना एकदाही गोल करता आला नाही.

पाच जणांच्या या भिंतीला जोडणारा गिलावा म्हणजे बारेसीचा उजवा हात. ऑफसाइडचा नियम असा, की चेंडू पुढे मारला जाण्याच्या क्षणी आक्रमकापुढे गोलरक्षक धरून किमान दोन प्रतिस्पर्धी हवेत. 1990पर्यंत तर आक्रमक शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी बरोबरीला असला तरी ऑफसाइड ठरे; त्या वर्षी नियम बदलला आणि बरोबरीची सूट मिळाली. म्हणजे बचावाची रेषा नेमक्या क्षणी दोन पावलं पुढे सरकली, तर मागे राहिलेला आक्रमक आपोआप बाद. पण तो क्षण ओळखायचा कोणी? चेंडू पायाला लागण्याच्या आत, समोरच्या खेळाडूचं डोकं कधी खाली जातंय, त्याचा टेकू दिलेला पाय कुठे वळतोय, हे पाहून ठरवायचं. बारेसी ठरवायचा. शॉर्टमधून निसटलेली जर्सी, मान किंचित खाली, आणि तो पुढे धावत सुटे. त्याच्याबरोबर उरलेले तिघे, कोणी मागे वळून न पाहता. मग तो हात वर जाई आणि लाइन्समनचा झेंडा त्याच्यामागोमाग. ही गोष्ट दिसायला अगदी साधी आणि करायला जीवघेणी आहे. चौघांतला एक जरी अर्धं पाऊल मागे राहिला, तर आक्रमकासमोर मोकळं रान आणि एकटा गोलरक्षक. मागे निस्तरायला आता कोणी लिबेरो नव्हता. 

जुना लिबेरो त्याच्यात जिवंत होताच. रेषा फसलीच, तर सर्वांत आधी मागे वळलेला असे तो बारेसी. आणि चेंडू हिसकावल्यावर तो स्वतःच घेऊन वर निघे, मध्यरेषा ओलांडून, मान वर करून, एखाद्या मधल्या फळीतल्या खेळाडूसारखा.

1988 साली मिलानने लीग जिंकली. 19 एप्रिल 1989 रोजी घरच्या सान सिरो मैदानावर युरोपियन कपच्या उपांत्य सामन्यात रियाल माद्रिदला 5-0 असं धुतलं, आणि 24 मे रोजी बार्सिलोनातल्या अंतिम सामन्यात स्टेआवा बुखारेस्टवर 4-0. पुढच्या वर्षी व्हिएन्नात बेनफिकाला 1-0 नमवून कप राखला. 1989च्या ‘बालों दोर’ या युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या मतदानात व्हान बास्टेन पहिला, बारेसी दुसरा, रायकार्ड तिसरा, तिघेही एकाच ड्रेसिंगरूममधले. याच काळात शहरातल्या डर्बी सामन्याआधी नाणेफेकीला दोन कर्णधार समोरासमोर येत ते सख्खे भाऊ असत : इंटरचा ज्युसेप्पे आणि मिलानचा फ्रांको.

फाबिओ कापेल्लो प्रशिक्षक म्हणून आल्यावर 1991-92चा पूर्ण मोसम संघ एकही सामना हरला नाही. अपराजित राहण्याची ही मालिका लीगमध्ये 58 सामने चालली. 1993-94चे आकडे तर मला अजून चकित करतात. 34 सामन्यांत मिलानने केलेले गोल फक्त 36, खाल्लेले 15, आणि तरी विजेतेपद. त्या मोसमाच्या शेवटी 18 मे 1994 रोजी अथेन्समध्ये बार्सिलोनाविरुद्ध युरोपचा अंतिम सामना होता. बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघांवरही त्या सामन्यापुरती बंदी होती. योहान क्रायफ यांच्या बार्सिलोनापुढे कर्णधाराविना मिलान टिकणार नाही अशी हवा होती. मिलानने 4-0 असा विजय मिळवला. बारेसीशिवाय जिंकले म्हणजे त्याची गरज नव्हती, असं काही जण तेव्हा बोलले. मी उलट वाचतो. रेषा त्याच्या पोरांच्या अंगी इतकी भिनली होती, की हात वर करायला तो नसतानाही ती हलली.

महिन्याभरात अमेरिकेतला विश्वचषक सुरू झाला. इटलीचे प्रशिक्षक आता साक्की होते आणि कर्णधार बारेसी, वय 34. चार वर्षांपूर्वी मायदेशातल्या विश्वचषकात इटलीने उत्तम खेळ करून नेपल्समधल्या उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून पेनल्टींवर हार खाल्ली होती. त्या दिवशी इटलीची पहिली पेनल्टी बारेसीने घेतली होती आणि गोलही केला होता.

अमेरिकेत पहिलाच सामना आयर्लंडने 1-0 जिंकला. 23 जूनला न्यू यॉर्कजवळच्या जायंट्स स्टेडियमवर नॉर्वेशी गाठ होती. हरलो तर घरी, अशी भीती. विसाव्या-एकविसाव्या मिनिटाला गोलरक्षक पाल्यूकाला लाल कार्ड दिलं गेलं. दुसरा गोलरक्षक आत आणण्यासाठी साक्कींनी रॉबेर्तो बाज्जोला बाहेर काढलं, आणि मध्यंतरानंतर लगेच बारेसीचा गुडघा मुरगळला. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, फाटली होती. दहा जणांनी तो सामना 1-0 काढला खरा, पण कर्णधाराचा विश्वचषक तिथे संपला असं सगळ्यांनी धरलं. लगेच दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. चौतिशीच्या माणसाला अशा गुडघ्यानंतर चालायला लावतानाही डॉक्टर तेव्हा घाई करत नसत.

इटली मात्र बाज्जोच्या पायांवर पुढे सरकत राहिली. नायजेरिया, स्पेन, बल्गेरिया. स्पेनच्या सामन्यात लुइस एन्रीकेला कोपर मारल्याबद्दल तास्सोत्तीवर आठ सामन्यांची बंदी आली. उपांत्य सामन्यात कोस्ताकुर्ताला दुसरं पिवळं कार्ड मिळालं. म्हणजे अंतिम सामन्याला मिलानेल्लोतल्या त्या चौघांपैकी उरला एकटा माल्दीनी, आणि समोर ब्राझीलचे रोमारियो-बेबेतो. शस्त्रक्रियेला चार आठवडेही झाले नव्हते. बारेसी उभा राहिला.

17 जुलै 1994. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाचं रोझ बोल मैदान, 94,194 प्रेक्षक. युरोपात संध्याकाळी टीव्हीवर दिसावा म्हणून सामना तिथल्या भर दुपारी साडेबाराला ठेवलेला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. त्या उन्हात 120 मिनिटं बारेसी जे खेळला ते ज्यांना पाहता येईल त्यांनी जरूर पाहावं. फक्त त्याच्यावर नजर ठेवावी. त्याच्या दोन्ही बाजूंना आता सवयीची रेषा नव्हती. सुरुवातीला बेनारिव्हो डावीकडे आणि माल्दीनी बारेसीच्या शेजारी मध्यभागी होता; उजवीकडचा मुस्सी दुखापतीने लवकर बाहेर गेला. हात वर करून भागण्यासारखं नव्हतं. तेव्हा हा माणूस पुन्हा जुना लिबेरो झाला. रोमारियो वळायच्या आत पायातला चेंडू काढून घेतला. बेबेतोसाठी सोडलेला चेंडू वाटेतच अडवला. कधी घसरत, कधी नुसतं योग्य जागी उभं राहून. ब्राझीलला गोल मिळाला नाही. जादा वेळ संपत आली तेव्हा त्याच्या पायांत गोळे आले आणि त्याला गवतावर झोपवून पाय ताणावे लागले. 

सामना 0-0. विश्वचषकाचा अंतिम निकाल पहिल्यांदाच पेनल्टींवर लागणार होता. पहिली पेनल्टी इटलीची. पायात गोळे आलेला कर्णधारच पुढे आला, नेपल्समध्ये आला होता तसा. चेंडू गोलच्या आडव्या खांबावरून आकाशात गेला. बारेसी गुडघ्यांवर बसला. ब्राझीलच्या मार्सिओ सांतोसची पेनल्टी पाल्यूकाने अडवली, क्षणभर सगळं भरून आल्यासारखं झालं. पण पुढे इटलीच्या मास्सारोची ब्राझीलचा गोलरक्षक तफारेलने अडवली आणि शेवटी बाज्जोचाही चेंडू बारेसीच्या चेंडूसारखाच वरून गेला. ब्राझील 3-2. जगाने बाज्जोचा खाली घातलेला चेहरा लक्षात ठेवला. थोडं बाजूला बारेसी लहान मुलासारखा रडत होता आणि साक्की त्याला कवेत घेऊन उभे होते. टेपवरून रेषा शिकवणारा आणि ती निमूट शिकणारा, असे ते दोघे.

त्याच सप्टेंबरात तो इटलीकडून शेवटचा, 81वा सामना खेळला. मिलानसाठी आणखी तीन मोसम. 1995ला व्हिएन्नात आयाक्सच्या कोवळ्या पोरांनी युरोपचा अंतिम सामना 1-0 जिंकला तेव्हा कर्णधार तोच होता. 1996ला सहावी लीग पदरात पडली. 1997ला तो थांबला तेव्हा एकाच क्लबासाठी 719 सामने झाले होते, त्यांत दुसऱ्या श्रेणीतले दोन मोसमही आले.

28 ऑक्टोबर 1997 रोजी सान सिरोवर निरोपाचा सामना झाला आणि क्लबाने त्याचा सहा नंबर कायमचा बाजूला ठेवला. इटलीत ही प्रथा तेव्हा नवी होती. जुन्या इटालियन पद्धतीत सहा हा लिबेरोचाच नंबर. पूर्वी दर सामन्याला एक ते अकरा नंबर वाटले जात आणि त्या दिवशी लिबेरो असेल त्याला सहा मिळे. खेळाडूला मोसमभर एकच नंबर आणि त्याच्यावर त्याचं नाव, हा नियम लीगमध्ये 1995-96ला आला. त्यामुळे लीगमधल्या मिलानच्या जर्सीवर सहाच्या वर छापलं गेलेलं नाव आजवर एकच आहे.